हुकलेल्या फोटोंची वही

जिंतूर तालुक्यातून एका जिल्हा परिषद शिक्षिकेचं पत्र आलं आहे. वय ४४. भिशीचे ७० हजार रुपये हाती आलेत आणि त्यातून कॅमेरा घ्यायचा आहे. येलदरीच्या पाण्यावरचे पक्षी, चारठाण्याची जुनी मंदिरं, औंढ्याच्या नागनाथाच्या बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं हे सगळं त्या आजवर फोनवर टिपत आल्या. नणंदेचा मुलगा लग्नाचे फोटो काढतो. तो नवा कॅमेरा घेतोय आणि तीन वर्षं वापरलेला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा), १८-५५ आणि ५० एमएम अशा दोन लेन्ससह, मामीला ३५ हजारांत द्यायला निघाला आहे. "मामी, मोबाईल म्हंजे खेळणं हाय. खरा कॅमेरा म्हंजे डीएसएलआर." परभणीचा दुकानदार म्हणतो, डीएसएलआर संपले, बिनआरशाचा मिररलेस घ्या. यजमान म्हणतात, फोनमध्ये काय कमी आहे? बाई विचारतात : तिघांपैकी खरं कोणाचं? आणि भाच्याला नाही म्हटलं तर नणंदेला काय सांगू?

ताई,

तुमच्या पत्रात 'शाळेलाही उपयोग होईल' हे वाक्य तीन ठिकाणी आलंय. पहिल्यांदा वाचून पुढे गेलो, तिसऱ्यांदा पेन्सिलने खूण केली. भिशी तुम्ही भरलीत. पहाटे पाण्यावर तुम्ही जाता. मग कॅमेऱ्याला शाळेचा दाखला कशाला जोडायचा? गावात कोणी नवी मोटारसायकल घेतली तर 'गावालाही उपयोग होईल' असं सांगत फिरत नाही.

हे टोचायला म्हणून लिहीत नाही. याचा परिणाम थेट खरेदीवर होतो. शाळा मध्ये आली की स्नेहसंमेलन येतं, ४० मिनिटांचं नाटक येतं, मग माईक आणि व्हिडिओ येतो. बरेचसे डीएसएलआर एका दमात २९ मिनिटं ५९ सेकंदांपुढे व्हिडिओ घेतच नाहीत, हे कळलं की दुकानदार व्हिडिओवाला कॅमेरा काढून दाखवतो, आणि तुमचे पक्षी राहतात बाजूला. स्नेहसंमेलन फोनवर चांगलं होतं. एक फोन स्टेजपाशी आवाजासाठी ठेवायचा, दुसरा समोर स्टँडवर. तर शाळेला आपण इथंच रजा देऊ.

आता तिघांचं. भाचा, दुकानदार आणि यजमान, तिघंही यंत्राबद्दल बोलताहेत. तुम्हाला कोणता फोटो हवा होता आणि तो का आला नाही, हे तिघांपैकी एकानेही विचारलेलं दिसत नाही. तुम्ही मात्र तिसऱ्या पानावर, जाता जाता, ते लिहून गेलात. पलीकडच्या बाभळीवर बसलेला नीलपंख फोटोत 'निळा ठिपका' झाला. औंढ्याची काळी मूर्ती 'राख फासल्यासारखी' पांढुरकी आली. आणि चारठाण्याला मंडपातल्या खांबावरचं कोरीवकाम हललेलं आलं. मला उत्तर द्यायला या तीन ओळी पुरल्या.

नीलपंखापासून सुरू करू. मला हिशोब मांडायची खोड आहे, तेवढं सोसा. पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण ३० सेंटिमीटर. तुमच्यात आणि त्याच्यात ३० मीटर, म्हणजे शंभरेक फूट धरू. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा फोटो ४,००० पिक्सेल रुंद असेल, तर त्यात नीलपंखाच्या वाट्याला येतात जेमतेम ३० पिक्सेल, म्हणजे फोटो ज्यांनी बनतो ते बारीक ठिपके. निळा ठिपकाच होणार. आता भाच्याचा 'खरा' कॅमेरा घ्या. लेन्सवरचा एमएमचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. २४ मेगापिक्सेलचा धरला आणि १८-५५ लेन्स पूर्ण लांबवली, तर पक्षी येतो १४० पिक्सेलचा. ठिपक्याचा टिळा झाला एवढंच. त्याच कॅमेऱ्याला २५० एमएमची लेन्स लावली की ६४० पिक्सेल. आणि निकॉनचा कूलपिक्स पी-९०० नावाचा २०१५ सालचा एक कॅमेरा आहे, लेन्स न बदलता येणारा, ८३ पट झूमचा. त्यात तोच पक्षी निम्म्याहून जास्त चौकट भरतो. अडीच हजार पिक्सेल!

पाहिलंत? भाच्याचा डीएसएलआर खरा असेल, पण नीलपंखासाठी तो जवळपास फोनच्याच रांगेत बसतो. दोष कॅमेऱ्याचा नाही. त्याच्या दोन्ही लेन्स लग्नाच्या स्टेजसाठी आहेत. दहा फुटांवरच्या नवरा-नवरीसाठी त्या उत्तम.

मग पी-९०० च्या जातीचा, म्हणजे ज्याला ब्रिज कॅमेरा म्हणतात, तोच घ्यावा का? थांबा. एवढी लांबची नजर एवढ्या छोट्या देहात येते, कारण त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, तुरीच्या डाळीएवढा असतो : साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. भाच्याच्या कॅमेऱ्यात बहुधा एपीएस-सी सेन्सर असेल, २३.५ बाय १५.६ च्या आसपास. क्षेत्रफळ तेरापट. लग्नवाले ज्याच्यासाठी कर्ज काढतात तो फुल-फ्रेम ३६ बाय २४, म्हणजे डाळीच्या तीसपट. सेन्सर लहान म्हणजे वाट्याला उजेड कमी, आणि उजेड कमी पडला की फोटोत रवाळपणा येतो. सकाळी नऊनंतरच्या मराठवाड्याच्या उन्हात ब्रिज कॅमेऱ्याला काहीच अडचण नाही, ऊन आपल्याकडे फुकट आणि भरपूर. पण तुम्ही जाता पहाटे. साडेसहाला, धुक्यात, हलणाऱ्या पक्ष्यावर तो कॅमेरा रडवतो.

इथे एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही, कारण ती विकता येत नाही. लेन्स दुप्पट करायला हजारो रुपये लागतात, अंतर निम्मं करायला पंधरा मीटर सरकावं लागतं. ३० चे १५ मीटर झाले की ६४० पिक्सेलचे १,२८० होतात. पायी जाणाऱ्या माणसाला बघून पक्षी उडतो, पण बैलगाडी, ट्रॅक्टर, उभी गाडी यांची त्याला सवय असते. नांगरटीच्या वेळी बगळे ट्रॅक्टरच्या चाकाशी कसे चालतात ते तुम्ही रोज बघता. कोणाच्या तरी चारचाकीत, काच खाली करून, अर्धा तास गुपचूप बसा. मी नाथसागरावर हे उशिरा शिकलो, तोवर लेन्सच्या जाहिराती वाचण्यात दोन हिवाळे गेले होते.

आता काळी मूर्ती. हा फोटो कॅमेऱ्यामुळे बिघडला नाही, आणि नवा कॅमेरा घेऊनही असाच बिघडेल. कोणताही कॅमेरा समोरचं दृश्य मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून उजेड ठरवतो. त्यामुळे काळा पाषाण त्याला 'फार अंधार' वाटतो, तो उजेड वाढवतो, आणि मूर्तीला राख लागते. उलट पांढऱ्या गणवेशातली अख्खी रांग घेतली की ती मळकी येते. उपाय आजच करून बघा : फोनच्या पडद्यावर मूर्तीवर बोट टेकवा, बाजूला सूर्याची खूण येते, ती खाली ओढा. कॅमेऱ्यात यालाच एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. काळ्या दगडाला उणे एकच्या आसपास ठेवून पाहावं. शिवाय शिल्प दुपारी बाराला घेऊ नका. सकाळी किंवा कलत्या उन्हात उजेड भिंतीला घासून जातो, तेव्हाच दागिन्यांची कोर, वस्त्राची चुणी उठून येते. यासाठी ७० हजार लागत नाहीत. बसची वेळ बदलावी लागते.

दुकानदाराचं म्हणणं मला अर्धं पटतं ते इथेच. डीएसएलआरमध्ये लेन्समागे तिरका आरसा असतो, तो दृश्य वर तुमच्या डोळ्याकडे पाठवतो. बटण दाबलं की आरसा उचलला जातो आणि मग उजेड सेन्सरवर पडतो. म्हणजे तुम्ही बघता ते खरं दृश्य, पण फोटो कसा येणार ते आधी दिसत नाही. मिररलेसमध्ये आरसाच नाही. सेन्सरला दिसतं तेच डोळ्यासमोरच्या छोट्या पडद्यावर दिसतं. मूर्ती पांढुरकी होतेय हे बटण दाबण्याआधी कळतं, चाक फिरवलं की काळी होताना दिसते. शिकणाऱ्यासाठी याहून चांगला मास्तर नाही. बऱ्याच नव्या मिररलेसना पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरता येतो. बऱ्याच, सगळ्यांना नाही. अगदी तळाच्या काही मॉडेलमध्ये ही सोय गाळलेली असते, तेव्हा दुकानात विचारून, चालवून बघा.

'संपले' हे मात्र विक्रीचं बोलणं. पहिला मिररलेस पॅनासॉनिकने २००८ साली आणला, कॅनन आणि निकॉनने २०१८ मध्ये त्यासाठी लेन्सच्या नव्या मालिका काढल्या, सोनीने २०२१ मध्ये डीएसएलआर विकणं थांबवलं. कंपन्यांचं लक्ष तिकडे गेलं हे खरं. म्हणून तुमच्या हातातला डीएसएलआर उद्या फोटो काढायचा थांबत नाही. उलट जुन्या बाजारात त्याच्या लेन्स स्वस्त मिळतात आणि एका बॅटरीवर तो मिररलेसपेक्षा सहसा बरेच जास्त फोटो देतो. भारनियमनाच्या गावात ही मोठी गोष्ट आहे. मिररलेस घेतला तर दुसरी बॅटरी कॅमेऱ्याबरोबरच घ्यायची, 'नंतर बघू' नाही.

राहिला मंडपातला हललेला खांब. अंधारात कॅमेरा उजेड गोळा करायला वेळ घेतो, तेवढ्यात हात हलतो. पण ताई, दगड हलत नाही. गरब्यात नाचणाऱ्या मुलीसाठी मोठा सेन्सर आणि महाग लेन्स लागेल. खांबासाठी श्वास रोखून भिंतीला खांदा टेकवला, लेन्समध्ये हात स्थिर करणारी सोय असली आणि दोन सेकंदांचा टायमर लावला की पुष्कळ होतं. फोनचा नाईट मोडसुद्धा स्थिर दगडावर चांगला चालतो. २०१२ मध्ये मी माझा पहिला डीएसएलआर घेतला तेव्हा दुकानदाराने बॅगेसोबत ट्रायपॉड 'फ्री' दिला होता. थेट अजिंठ्याला गेलो. ट्रायपॉड परवानगीशिवाय चालत नाही म्हणून दाराशीच ठेवावा लागला, चित्रांपाशी फ्लॅशला बंदी, आणि कॅमेऱ्याबरोबर आलेल्या साध्या कीट लेन्सला त्या उजेडात काही झेपेना. ४०० फोटो काढले, चार ठेवण्याजोगे निघाले. त्यातले दोन मित्राच्या फोनवरचे.

आता यजमानांकडे येऊ. 'फोनमध्ये काय कमी आहे' याचं उत्तर म्हणजे लांबची नजर. बाकी रुंद दृश्य, मंदिराचा पूर्ण दर्शनी भाग, माणसं, घाईचे प्रसंग यांत तुमचा फोन कमी नाही. म्हणून माझा सल्ला असा की फोन जे करतो ते पुन्हा विकत घेऊ नका. एपीएस-सी सेन्सरचा साधा मिररलेस आणि एकच लेन्स, ५५-२५० च्या आसपासची. पक्षी तिनेच, उंचावरच्या शिल्पपट्टीतले चेहरेही तिनेच. १८-५५ न घेता जे वाचेल त्यात बॅटरी, ६४ जीबीची दोन कार्डं आणि हवाबंद डबा येईल. फुल-फ्रेमचा विचारही नको : त्याची लांब लेन्स तुमची अख्खी भिशी खाईल, आणि पहाटे खांद्यावर तेवढं ओझं घेऊन पाण्यावर जायचा उत्साह महिन्यात मावळतो. मेगापिक्सेललाही भुलू नका. १२ बाय १८ इंचांचा फोटो उत्तम छापायला १९-२० मेगापिक्सेल पुरतात. फोनवरचे १०८ किंवा २०० मेगापिक्सेल म्हणजे बहुतेक वेळा नऊ किंवा सोळा पिक्सेल एकत्र बांधून दिलेला १२ मेगापिक्सेलचाच फोटो असतो.

पण माझंही लगेच ऐकू नका. एक महिना द्या. शंभर पानी वही घ्या आणि रोज हुकलेला फोटो लिहा, पुढे कारण एका शब्दात : लांब, अंधार, हललं, उशीर, जवळ नव्हता. महिन्याने मोजा. 'लांब' बहुतेक वेळा आणि तेही भर उन्हात आलं, तर ब्रिज कॅमेरा बिनधास्त घ्या, मी वर त्याला नावं ठेवली तरी. 'लांब' आणि 'अंधार' सारखेच आले तर वर सांगितलेला मिररलेस. 'हललं' जास्त असेल तर आधी सेटिंग शिका. उडणाऱ्या पक्ष्याला शटर, म्हणजे उजेड आत सोडणारी झडप, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून जलद लागतं, आपोआपच्या मोडमध्ये कॅमेरा ते दरवेळी देईलच असं नाही. आणि 'जवळ नव्हता' जास्त असेल, तर मोठा कॅमेरा घेऊन तो आकडा वाढणारच आहे. अशा माणसाने चांगला फोन किंवा खिशात मावणारा कॉम्पॅक्ट घ्यावा.

याच विषयावर आणखी काही पत्रं आहेत, बहुतेक लग्नाच्या धंद्यात उतरू पाहणाऱ्या मुलांची. त्यांना इथंच सांगतो : तुमची वही वेगळी निघेल, 'अंधार' आणि 'हललं' यांनी भरलेली. तुमचा पैसा बॉडीत, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात, कमी, उजळ लेन्समध्ये जास्त जाऊ दे. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं : ५० एमएमची एफ १.८ लेन्स कीट लेन्सच्या एफ ५.६ पेक्षा जवळपास दहापट उजेड आत घेते आणि ती सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी आहे. दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवणारी बॉडी बघा, कारण हळद पुन्हा लागत नाही. पहिला सीझन कॅमेरा भाड्याने घेऊन काढा. बापाच्या कापसाच्या पैशाला इतक्यात हात घालू नका.

आता भाचा. त्याचा कॅमेरा तीन वर्षांचा. वर्षाला ३० लग्नं आणि लग्नाला २,००० फोटो धरले तरी एक लाख ८० हजार वेळा शटर पडलं. साध्या डीएसएलआरचं शटर साधारण एक लाखाच्या हिशोबाने बनवलेलं असतं. त्यापुढेही चालतं, पण ते व्याजावरचं आयुष्य. शटर काउंट किती, हा प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. तो स्वतः जुना कॅमेरा घेताना हेच विचारेल. लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारून आत बुरशीची जाळी आहे का पाहा, एफ १६ वर मोकळ्या आभाळाचा फोटो काढून काळे डाग मोजा. सगळं ठीक निघालं तरी या वापराला ३५ हजार मला जास्त वाटतात, आणि तुमच्या कामाची लेन्स त्यात नाहीच.

नणंदेचं दुखणं वेगळं आहे. मला शंका आहे की भाच्याला कॅमेरा विकायचा नाही, नव्या कॅमेऱ्यासाठी पैसे कमी पडताहेत. तसं असेल तर त्याला हातउसने मागू दे, तुम्हाला जमतील तेवढे द्या, तारीख ठरवून. मदत मदतीच्या नावाने झाली की तिचं ओझं होत नाही. कॅमेऱ्याच्या पोटात घालून दिली, तर पुढे शटर गेलं की दर दिवाळीला तो विषय पानावर बसेल. आणि त्याला बाजूला सारू नका. दुकानात बरोबर न्या. घासाघीस त्याला येते, पक्कं बिल आणि वॉरंटी कार्डावरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळवून बघायला दुसरे डोळे असलेले बरे. बिलाशिवाय 'इम्पोर्टेड' म्हणून स्वस्त दाखवतील, तो घेऊ नका. भाच्याला हे काम दिलंत की नणंदेला सांगायला तुमच्याकडे नकार उरणारच नाही.

घेतल्यावरचं थोडक्यात. जिनिंगच्या आसपास, सोयाबीनच्या मळणीत, यात्रेच्या धुरळ्यात लेन्स काढू नका. बऱ्याच मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर उघडाच असतो. मे महिन्यात बंद गाडीत कॅमेरा ठेवू नका. पावसाळ्यात कातडी बॅगेत घालून कपाटात कोंबू नका, भाजीच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवाल तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर ते सगळे पिक्सेल वाटेतच दाबले जातात.

या रविवारी भाच्याकडून तो डीएसएलआर दिवसभरासाठी मागून घ्या. भाडं द्या, तो नको म्हणेल तरी. औंढ्याला पहिल्या बसने जा, ५० एमएम लावा, उणे एकवर काळी मूर्ती घ्या. मग तीच मूर्ती फोनवर सूर्याची खूण खाली ओढून घ्या. घरी आल्यावर दोन्ही फोटो यजमानांना दाखवा, कोणता कशाचा ते न सांगता. ते काय म्हणाले, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.